नवरीला रडवायचं कोणी?

(नवरीची खोली. बाहेर अंगणात वऱ्हाड जमलंय, बायकांचा गलका चाललाय.)

फ्रुमे : आणि हे कोटाखाली काय आहे, बाबा? पोट आजच्या आज एवढं सुटलं?

झेलिक : फिडल आहे. लपवलेली नाही. नुसती धरलीय.

फ्रुमे : ठरलं होतं ना आपलं? आज तुम्ही नवरीचे वडील. वाजवणार बेरिशकाका.

झेलिक : ठरवलं तू आणि तुझ्या आईनं. मी तेव्हा सूप पीत होतो. अगं, बावीस वर्षं तो माझ्या ताफ्यात दुसरी फिडल वाजवतोय. दुसरी! माझ्या मागे उभा राहून झ्यँ-झ्यँ, झ्यँ-झ्यँ! नवरीला खुर्चीवर बसवून वेण्या सोडतात, तेव्हाची धून त्यानं जन्मात वाजवलेली नाही.

फ्रुमे : कारण तुम्ही जन्मात वाजवू दिली नाहीत.

झेलिक : कारण त्या धुनेला नवरी रडली पाहिजे! जा, पार बलता शहरापर्यंत विचारून ये, माझ्या फिडलपुढून एक तरी नवरी कोरड्या डोळ्यांनी उठलीय का. गिरणीवाल्याची ती थोरली आठवते? दगड नुसती! तीसुद्धा नाक पुसत उठली.

फ्रुमे : बरं, मग मी नाही रडले तर काय आभाळ कोसळणार आहे?

झेलिक : आणि रडलीस तर? माझी मुलगी, सगळ्या गावासमोर, त्याच्या वाजवण्यावर रडली तर?

फ्रुमे : अगं बाई! म्हणजे तुम्ही जळताय!

झेलिक : मी? बेरिशवर? आठवडाभर लोकांची डोकी भादरतो तो!

फ्रुमे : तुम्हीपण तेच करता. त्याच दुकानात, शेजारच्या खुर्चीवर.

झेलिक : माझ्या खुर्चीपुढे रांग असते.

फ्रुमे : बाबा, सकाळपासून नवरीचा उपास आहे मला, पोटात कावळे कोकलतायत. खरं काय ते सांगा.

झेलिक : ...परवा तो दुकानामागे सराव करत होता. मी भिंतीआड उभा होतो.

फ्रुमे : वाईट वाजवत होते?

झेलिक : वाईट वाजवत असता तर मी दोन रात्री शांत झोपलो नसतो का?

बेरिश : येऊ का आत? भाऊ, मोठा घोळ झालाय हो. माझी राळ कुठे सापडत नाहीये. फिडलच्या गजाला कालच घोड्याचे नवे केस भरून घेतले, आपल्या फ्रुमेसाठी म्हणून. राळ घासल्याशिवाय तो गज तारेवरून नुसता घसरतोय. आवाजच नाही! सकाळी पेटीत ठेवलेली मला चांगली आठवते.

झेलिक : राळ हरवली? अरेरे. मग आता काय, मलाच वाजवावं लागणार. योगायोगानं फिडल आहे माझ्याकडे.

फ्रुमे : योगायोगानं! आणि तुमच्या काळ्या कोटाच्या खिशाला हे पांढरं काय लागलंय?

झेलिक : पीठ.

फ्रुमे : पीठ? आयुष्यात कधी पिठाला हात लावलात तुम्ही?

बेरिश : ...राहू दे, फ्रुमे. लग्नघर आहे, पीठच असेल. भाऊंनाच वाजवू देत. मी आपला मागे उभा राहतो, सवय आहे मला.

फ्रुमे : नाही राहू देणार! काका, गित्लताईच्या लग्नात तुम्ही होतात ना? सांगा, ताई मंडपाखाली गेली तेव्हा मेणबत्ती घेऊन तिच्या एका बाजूला आई होती. दुसऱ्या बाजूला कोण होतं?

बेरिश : तुझी मावशी.

फ्रुमे : आणि बाबा?

बेरिश : पुढे. उलट्या पावलांनी चालत वाजवत होते. लोक वेडे झाले होते गं.

फ्रुमे : डोळे मिटून वाजवत होते! एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ताई अजून म्हणते, मला ती धून सगळी पाठ आहे, पण बाबा लग्नात होते का ते आठवत नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते, बाबा, आणि मी तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या शेजारी मावशी नको. काही झालं तरी नको. नवरीला मंडपात आईबापांनीच न्यायचं असतं: एका हातात मेणबत्ती धरायची आणि दुसऱ्या हातानं माझा दंड. मग सांगा, फिडल कुठल्या हातानं वाजवणार आहात तुम्ही?

झेलिक : गित्ल असं म्हणाली? मला नाही कधी बोलली.

फ्रुमे : तुम्ही होतात कुठे बोलायला? कुणाच्या तरी लग्नात.

झेलिक : ...बेरिश, इकडे ये. हात पुढे कर.

बेरिश : माझी राळ!

झेलिक : पीठ आहे, तूच म्हणालास. नीट घास, केस नवे आहेत. मुठीजवळ दोन हात जास्त दे. आणि सुरुवातीला घाई करतोस तू, परवा करत होतास. पहिला सूर ओढून धर, बायकांचा गलका थांबेपर्यंत धर.

बेरिश : परवा? भाऊ, तुम्ही ऐकलंत मला?

झेलिक : हो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

फ्रुमे : बाबा, ती फिडल द्या इकडे, पलंगाखाली ठेवते. आणि ही घ्या मेणबत्ती. सरळ धरा.

झेलिक : धरली. जा आता, बेरिश. रडव तिला लवकर. उपाशी आहे पोरगी.