आडवी शिंक

(इस्लामपूरजवळचं एक गाव. सकाळ. पलटणीतली रजा संपवून नाथाजी निघालाय. ट्रंक उंबऱ्यात. लांबून गुऱ्हाळाच्या इंजिनाची धडधड.)

नाथाजी : किती दिल्यास म्हनलीस?

बनाबाई : दोन. एक पहाटं, एक आत्ता च्यासंगं.

शालू : तीन, आत्याबाई. तुमी पाणी तापवताना बी एक दिली व्हती.

नाथाजी : तीन! आये, त्या काय पेपरमिटच्या गोळ्या हायत?

बनाबाई : वरडू नगंस. तू चाललाईस पलटणीत. तुझी बायको उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन फटाफटा शिंकणार, आन सासू म्हनून मी काय बघत बसू? परड्यात ते काँग्रेस गवत फुललंय, तवापासनं हिचं नाक थांबंना.

नाथाजी : मग गवत उपटायचं! बायको कशाला उपटतीस माझी?

बनाबाई : दादासो वाण्याची गोळी हाय. समदं गाव खातंय.

शालू : गोळी चांगली हाय खरं, आवं. मागं गांधीलमाशी चावली, अंगभर पित्त उठलं, नुसती खाज. एका गोळीत उतरलं. आज बी नाक कसं मोकळं झालंय. लय दिवसांनी भाकरीचा वास आला मला.

नाथाजी : आन झोप?

शालू : झोप न्हाई. जरा जड वाटतंय. जीभ टाळ्याला चिकटतीया.

नाथाजी : आमच्याकडं ड्रायव्हरनं असली एक गोळी घेतली, तरी डाक्टर त्याला त्या दिशी गाडीला हात लावू देत न्हाई. तू आज कुठं जाणार हाईस?

शालू : गुऱ्हाळावर. चरकात ऊस लावायला. आज आपली पाळी.

नाथाजी : आये!

बनाबाई : काय आये? गुळाची काईल चुलीवर चढलीया. रस काय माझा बा येऊन गाळणार?

नाथाजी : त्याच चरकात शेजारच्या तानुबाईचा हात मनगटापासनं गेला. आन ती जागी व्हती. चांगली टक्क जागी!

बनाबाई : तुला हिचा हात दिसतूय. मला माझा हंबीरराव दिसतूय. एकाहत्तरच्या लढाईला तुझा थोरला भाऊ ह्याच उंबऱ्यातनं भाईर पडला, आन शिंक आडवी आली. म्हनलं, बस जरा, घोटभर पाणी पी. हसला. गेला. मागनं आली ती तार.

नाथाजी : दादा शिंकेनं गेला न्हाई, आये. गोळीनं गेला. आन तू घरात गोळ्या वाटत बसलीयास.

बनाबाई : आईला असं बोलतूस?

नाथाजी : बोलतो. कोण शिंकलं व्हतं तवा?

बनाबाई : ...म्हस.

नाथाजी : मग म्हशीला चार की गोळ्या. न्हाई चारायची, तिचं दूध आटंल. सुनंचं काय, एक हात गेला तर दुसरा हायच!

शालू : भांडू नगा. एसटी चुकंल तुमची. मी लावते की ऊस... कडंला बसून...

नाथाजी : शालू, भिताडाला टेकू नगंस. माझ्याकडं बघ.

बनाबाई : निघताना डोळ्यांत पाणी दिसू नये म्हनून मिटलं असतील तिनं.

नाथाजी : शालू!

शालू : व्हय... मोळी सारा हिकडं.

बनाबाई : कुठली मोळी गं?

नाथाजी : हात बघ तिचा, आये. झोपंत ऊस लावतीया.

बनाबाई : शालू... हात मागं घे. अगं, मागं घे म्हनते न्हवं!

शालू : आजून... दोन कांड्या...

नाथाजी : हिला इस्लामपूरला डाक्टरकडं न्यायला पायजे. आन मिरजंची गाडी फाट्यावर आली. हॉर्न वाजतूय.

बनाबाई : वाजू दे. तू हिला धर. ट्रंक मी आत घेते.