किल्लीचे दोन फेरे

(वकील ताईची कचेरी. दुपार. समोर तिचा धाकटा भाऊ, कुलपं-किल्ल्या बनवणारा, आणि त्याची बायको.)

वहिनी : ...आणि फलकावर फोटो मोठाच हवा, असं व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणाले. खाली 'शूर व्यापारी' असं लिहिणार आहेत. रविवारी सकाळी सत्कार. तुम्ही यायचंच, ताई.

ताई : फोटो कुठला देणार? पोलिसांनी काढलेले आहेत माझ्याकडे. एक समोरून, एक बाजूने.

भाऊ : झालं तुझं सुरू.

ताई : अजून सुरू केलं नाही. त्या खुर्चीवरचं बाड खाली ठेव आणि नीट टेकून बस. उद्या अकरा वाजता तुझा जामीन राहतो की जातो ते ठरणार आहे. जामीन गेला तर रविवारी फोटोलाच उभं करा म्हणावं व्यासपीठावर.

वहिनी : असं काय बोलता? चोर दुकानात शिरला, यांनी जीव वाचवला स्वतःचा. आत्मरक्षणाला सगळं माफ असतं.

ताई : कोण म्हणालं?

वहिनी : अध्यक्षच म्हणाले.

ताई : त्यांचं पडद्यांचं दुकान आहे ना? त्यांनी पडदे विकावेत. वहिनी, नीट ऐका. कायदा माणसाला दुसऱ्याचा जीव घ्यायची मुभा देतो, पण ती अगदी चिमूटभर. समोरचा मला मारून टाकेल किंवा कायमचं जायबंदी करेल, अशी खरीखुरी भीती त्या क्षणी वाटायला हवी. पळायला, पोलिसांना बोलवायला सवड नसायला हवी. आणि ती भीती संपली की मुभाही संपली. दुकानातलं पितळ चोरीला चाललंय म्हणून माणूस मारता येत नाही.

भाऊ : सोपं आहे तुला. तुझ्याकडे चोरायला आहे काय, या फायली?

ताई : बरोबर. आता तुझी गोष्ट सांग. पोलिसांना सांगितलीस तशीच.

भाऊ : किती वेळा सांगू? मी मागच्या खोलीत जेवत होतो. दुकानाचं दार उघडं होतं, भर दुपार होती. खणखण आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर तो भंगारवाला, माझा पितळी किल्ल्यांचा डबा पोत्यात ओततोय. मी ओरडलो. त्याने टेबलावरची किल्ल्या घासायची कानस उचलली आणि अंगावर आला. मी हातोडा उचलला. एकच घाव. संपलं.

ताई : छान पाठ केलंयस. शाळेत कविता अशा पाठ झाल्या असत्या तर आई दोन वर्षं जास्त जगली असती.

भाऊ : आईला मध्ये आणू नकोस.

ताई : बरं. घाबरला होतास का?

भाऊ : कोणाला?

ताई : भंगारवाल्याला.

भाऊ : मी? त्याला? अगं, फुंकर मारली असती तर पडला असता तो. हातपाय काड्यांसारखे. दोन वेळा माझ्याकडून पितळ उचलून पळालाय, तेही वजन पेलत नव्हतं म्हणून अर्धं रस्त्यात टाकलंन. त्याला घाबरायचं म्हणजे मांजराला घाबरण्यापैकी.

ताई : लिहून घेऊ हे?

भाऊ : लिही की.

ताई : अरे शहाण्या, भीती हाच तुझा सगळा बचाव आहे. भीती वाटली म्हणून मारलं, एवढं एकच वाक्य तुला तुरुंगाबाहेर ठेवणार आहे, आणि तेवढंच म्हणायची तुला लाज वाटतेय. उद्या न्यायाधीशांसमोर असाच छाती काढून उभा राहा. मला तोंड उघडायचीही गरज नाही पडणार.

वहिनी : मनातून घाबरलेच असतील ते. दाखवत नाहीत कधी.

ताई : चौदा वर्षं संसार केलात, तुम्हाला माहीत असणारच. आता हे ऐका. शेजारच्या शिंप्याचा जबाब. "जेवणाच्या वेळी वीज गेल्यामुळे माझी मशीन बंद होती. शेजारच्या दुकानाच्या दारावर धक्के मारल्याचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं गिऱ्हाईक आहे. बाहेर येऊन पाहिलं तर बाहेर कोणी नव्हतं. आवाज आतून येत होता."

भाऊ : तो शिंपी अर्धा बहिरा आहे.

ताई : पुढे ऐक. "सुमारे दहा मिनिटं आवाज चालू होता, शेवटी शेवटी बराच हळू. मी दार ढकलून पाहिलं, ते बंद होतं. काही वेळाने आवाज थांबला. मग आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि मालक बाहेर आले." चोर आतून दार कशाला बडवेल रे, दहा मिनिटं?

भाऊ : मला काय माहीत. नाटकं त्याची.

ताई : काल कोर्टाच्या व्हरांड्यात भंगारवाल्याची बायको भेटली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलंन, बाई, आमचा माणूस चार वेळा पकडला गेला आणि चारही वेळा पळून आला. तेवढं एक त्याला यायचं. या वेळी का नाही पळाला?

वहिनी : तुम्ही तिच्याशी बोललात? आपल्या विरुद्ध बाजूची ती.

ताई : बोलले. तुमच्या अध्यक्षांपेक्षा बरा प्रश्न विचारला तिने. दुकानाचं दार उघडं होतं म्हणतोस, मग बंद कोणी केलं?

भाऊ : मी केलं असेल.

ताई : असेल?

भाऊ : हात जातो गं आपोआप. बावीस वर्षं कुलपांत आहे मी. दार दिसलं की किल्ली फिरवतो. न्हाणीघराचंही दार दोनदा बघतो. विचार हिला.

वहिनी : खरंच आहे. फ्रिजलासुद्धा कुलूप लावलंय आमच्या.

ताई : आणि दिवसभर दुकानात गिऱ्हाईक येतं, तेव्हा? प्रत्येकाला कोंडून मग भाव सांगतोस? बरं, ते राहू दे. इन्स्पेक्टरशी काय बोललास ते आठवतंय? पंचनाम्याच्या वेळी?

भाऊ : काही नाही. दाराचं कुलूप बघत होते, विचारलं म्हणून सांगितलं.

ताई : काय सांगितलंस? माझ्याकडे शब्दन् शब्द आहे, पण तुझ्या तोंडून ऐकू दे.

भाऊ : हेच की कुलूप मी स्वतः बनवलेलं आहे. बाजारात असं मिळत नाही. किल्ली दोन्ही बाजूंनी लागते, आतूनही आणि बाहेरूनही. किल्लीशिवाय आत येता येत नाही तसं बाहेरही जाता येत नाही. एक फेरा दिला तर साधं बंद, दोन फेरे दिले की दांडा पार चौकटीत जातो. मग हत्ती आणा. इन्स्पेक्टर म्हणाले, आमच्या कोठडीलाही असं नाही.

ताई : आणि तू खूश.

भाऊ : चांगल्या कामाचं कौतुक केलं त्यांनी. त्यात काय वाईट?

ताई : दोन पावलांवर माणूस मरून पडलाय, गोणपाटाखाली, आणि हा पोलिसाला कुलपाची माहिती पुरवतोय. "मी दोन फेरे दिले होते, साहेब, म्हणून तर तो गेला नाही." हे शेवटचं वाक्य तू विसरलास सांगायला. त्यांनी लिहून घेतलंय. तुझी सही आहे खाली, वळणदार.

वहिनी : असं म्हणालात तुम्ही?

भाऊ : बोलण्याच्या ओघात गेलं.

ताई : म्हणजे तो डबा ओततोय, तुझ्याकडे पाठ. तू मागच्या खोलीतून आलास, ओरडला नाहीस. चपला काढून त्याच्या मागून दाराकडे गेलास, दार लोटलंस, दोन फेरे दिलेस, किल्ली खिशात घातलीस. मोबाइल कुठे होता?

भाऊ : चार्जिंगला.

ताई : कुठे?

भाऊ : दाराशेजारी.

ताई : म्हणजे हाताशी. पोलीस चौकी चालत सात मिनिटं. शिंपी म्हणतो दहा मिनिटं आवाज चालू होता. चोर कोंडलेला, किल्ली तुझ्या खिशात, फोन तुझ्या हाताशी, आणि दहा मिनिटं. फोन नाही केलास. काय करत होतास?

भाऊ : बसलो होतो.

ताई : काय?

भाऊ : स्टुलावर बसलो होतो. अद्दल घडवायची होती त्याला. म्हटलं, काढ बघू कुलूप. एवढा चोर आहेस ना, काढ. गेलास तर पितळही तुझं. पोतं टाकलंन त्याने तेव्हाच. दार बडवत होता. दादा, सोडा, परत येणार नाही, सोडा म्हणत होता.

वहिनी : तुम्ही मला हे सांगितलं नाहीत.

भाऊ : त्यात सांगण्यासारखं काय आहे? चोर काकुळतीला येतो, नवल आहे का त्यात?

ताई : वहिनी, जरा एक काम करा. बाहेर जाऊन उभ्या राहा. माझ्या या दाराला तुमच्या नवऱ्यानेच कुलूप बसवलंय, कचेरी घेतली तेव्हा भेट दिलं होतं. हुबेहूब तेच. मी आतून बंद करून उघडते. उघडताना किती खटके ऐकू येतात ते सांगा. लक्ष देऊन ऐका.

भाऊ : हा काय पोरखेळ?

ताई : बस तू. गेलात का बाहेर? हं. आता बघ, दोन फेरे दिले. किल्ली काढली. आता आपण दोघं आत. कसं वाटतंय?

भाऊ : काय वाटायचंय? तूच आहेस.

ताई : हो. मीच आहे, आणि माझ्या हातात हातोडा नाही. आता उघडते. ऐकलंत, वहिनी? किती?

वहिनी : दोन. खटक, खटक. एकदम स्पष्ट.

ताई : या आत. बसा. शिंप्याला मी आज सकाळी जाऊन भेटले. म्हटलं, कुलूप उघडल्याचा आवाज आला म्हणता, नक्की कसा आला? आतला आवाज थांबल्यावर दाराला कान लावून उभा होता तो, घाबरून. म्हणाला, खटका वाजला आणि दार उघडलं. म्हटलं, एक की दोन? म्हणाला, एकच. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच म्हणाला.

भाऊ : म्हटलं ना, बहिरा आहे.

ताई : एक खटका ऐकू येतो आणि दुसऱ्याला नेमका बहिरा होतो? तू दोन फेरे दिलेस. सही करून सांगितलंस. उघडताना एकच राहिला होता. मग दुसरा गेला कुठे?

वहिनी : म्हणजे काय? मला नाही समजलं.

ताई : तुमच्या नवऱ्याला समजलंय. तोंड बघा त्याचं. पंचनाम्यात कानशीबद्दल एक ओळ आहे. टोक वाकलेलं, टोकाला कुलपातलं वंगण. अंगावर धावून येणाऱ्याच्या कानशीला कुलपातलं वंगण कुठून लागतं? आणि घाव कुठे बसलाय ते डॉक्टरांनी लिहिलंय. डोक्याच्या मागे. अंगावर येणारा माणूस पाठीने येत नाही.

भाऊ : पुरे.

ताई : पुरे नाही. तो दाराशी गुडघ्यावर बसला होता. तोंड कुलपाकडे. जायलाच निघाला होता तो, पितळ टाकून. कायद्याच्या पुस्तकात याच्याइतकं सरळ प्रकरण सापडायचं नाही. कोणाचाच जीव धोक्यात नव्हता. तुझा नाही, हिचा नाही. मग का मारलंस? पितळ परत मिळालं होतं. चोर कोंडलेला होता. भीती तर तुला वाटत नव्हती, ते तू अभिमानाने सांगून बसलायस. का मारलंस?

वहिनी : अहो, बोला ना काहीतरी.

ताई : मला खोटं नको. खोट्यावर मी उद्या उभी राहणार नाही, तू सख्खा भाऊ असलास तरी. पडद्यावाल्याला घेऊन जा वकील म्हणून. खरं सांगितलंस तर जे काही वाचण्यासारखं आहे ते वाचवीन. थोडंच आहे, पण वाचवीन.

भाऊ : तुला नाही कळणार.

ताई : सांगून तर बघ. अडाणी आहे मी, कुलपातलं काही कळत नाही.

भाऊ : तो आधी नुसता बडवत होता. मी हसत होतो. मग त्याने बडवणं थांबवलं. टेबलावरची कानस घेतली, कान लावला कुलपाला आणि हळूहळू चाचपायला लागला. मी म्हटलं, कर, कर, हात दुखतील. सातव्या-आठव्या मिनिटाला...

ताई : हं.

भाऊ : सातव्या-आठव्या मिनिटाला खटका वाजला. एक फेरा निघाला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि हसला. चिडवायला नाही. जमलं म्हणून हसला, आपण एखादं काम जमलं की हसतो तसा. आणि पुन्हा खाली वाकला.

वहिनी : आणि तेवढ्यासाठी?

भाऊ : सहा वर्षं लागली मला ते कुलूप करायला.

ताई : मी काय लिहू, एवढंच सांग.

भाऊ : कानशीने, ताई. साध्या कानशीने.