बगळ्याची पिसं

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरच्या संग्रहालयाच्या बाई, ज्यांच्या वखारीतून आमच्या घरी लाकूड आलं ते वखारवाले भाऊ, अगरू-संग्राहक मंडळाचे सर्व सभासद, लांबून प्रवास करून आलेल्या भगिनी आणि बंधूंनो, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट केलात ते सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, या सर्वांना माझा नम्र नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. मला भाषणाची सवय नाही, हिशेब लिहायची आहे. म्हणून आवक आधी सांगते. तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे टपालाने एक डबी आली. डबीत कापूस, कापसात अगरूच्या लाकडाचा एक जुना कोरीव लोलक आणि त्याचा तुटलेला गोफ, नवा विणून द्या म्हणून. टपालहशील पाठवणाऱ्यांनीच भरलं होतं. नव्या गोफाला रेशीम लागलं तेही घरातलं उरलेलं. म्हणजे वहीत खर्च काहीच नाही. तरीसुद्धा इतकी महागात पडलेली वस्तू आमच्या घरात आजवर आली नव्हती. कारण ती डबी उघडल्या दिवसापासून यांनी कोरणी हातात धरलेली नाही.

तुम्ही एकमेकांकडे बघताय ते कळतंय मला. निमंत्रणपत्रिकेवर 'दृष्टी मंदावल्यामुळे निवृत्ती' असं छापलंय, कारण यांनी तसं मंडळाला कळवलं. यांची दृष्टी ठणठणीत आहे. मी निवडून ठेवलेल्या तांदळात परवाच यांनी मला खडा दाखवला. आणि आत्ता ते माझ्याकडे कसे बघताहेत, ते शेवटच्या रांगेलाही दिसत असेल.

जे पाहुणे आज पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. अगरूचं झाड धडधाकट असतं तेव्हा त्याचं लाकूड फिकट, हलकं आणि बिनवासाचं असतं. झाडाला जखम झाली, आत बुरशी शिरली, की त्या जागी ते राळ धरतं. ती राळ वर्षानुवर्षं मुरत जाते आणि लाकडात काळी शीर तयार होते. सगळा सुगंध त्या शिरेत. आमचे हे फिकट लाकूड कोरून काढतात आणि शीर नेईल तिकडे जातात. त्यामुळे काय कोरायचं हे आधी ठरतच नाही. तुकडा खिडकीच्या उजेडात धरून दिवसच्या दिवस बसायचे.

मी विचारायची, "दिसलं का काही?"

"अजून नाही."

मग एखाद्या सकाळी दात घासता घासता आतून हाक यायची, "अगं, मासा आहे!"

मासा आहे म्हटलं की माझं काम सुरू. गोफ मी विणते. आणि गोफाची गाठ सुटून डबी परत येऊ नये म्हणून प्रत्येक लोलक आधी आठ दिवस मी गळ्यात घालते. माझी जाऊ म्हणते, "तुझं बरं आहे गं, दर महिन्याला नवा दागिना. आणि एकही आपला नाही!" मला कधी तसं वाटलं नाही. नवं लाकूड आधी झोपलेलं असतं. अंगाची ऊब लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला जाग येते. मी देवापुढे डोळे मिटून बसले की हनुवटीखालून वास वर यायचा. एकाला ओल्या पाटीचा, एकाला कडू मधाचा, तर एकाला बंद पेटी उघडावी तसा. दोन लोलकांचा वास सारखा, असं एकदाही झालं नाही. देवाने जखमेत हे ठेवावं, याचं मला अजून नवल वाटतं. आठ दिवस झाले की मी लोलक उतरवून कापसात ठेवायची, आणि तो दारातून गेला की गेला. पुढे त्याचं काय झालं, हे आम्ही दोघांनीही कधी पाहिलं नाही.

नाही म्हणायला एकदा हे डॉक्टरसाहेबांकडे जाऊन आले. साहेबांच्या कपाटात यांचे एकोणीस लोलक आहेत, प्रत्येकाला वेगळी काचेची बरणी, वर घट्ट बूच. घरी आले ते लहान मुलासारखे. "अगं, कालच कोरल्यासारखे आहेत सगळे! माशाचा एक खवला हललेला नाही." मी विचारलं, "आणि वास?" तर म्हणाले, "बूच कोण उघडणार? साहेबांची वस्तू." साहेब, रागावू नका. हे कौतुकच आहे, शेवटपर्यंत ऐकून घ्या.

आता त्या डबीकडे वळते. आत होता बगळा. आमचं लग्न नवं होतं तेव्हा यांनी तो कोरला होता, आणि एका शाळेतल्या बाईंनी तो घेतला होता. पाण्यात उभा, मान वळवलेला, पंख मिटलेला. त्या पंखाची पिसं कोरायला यांना महिना लागला होता. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. पिसं अशी की नखाने एकेक मोजावीत.

डबी उघडली, आणि ती पिसं नव्हती. चोच म्हणजे नुसता उंचवटा उरला होता. पंखाच्या जागी एक गुळगुळीत खळगा. मानेचं वळण तेवढं शाबूत. यांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पिसं गेली." मग सगळ्या कोरण्या फडक्यात गुंडाळल्या.

पुढचं मी यांना घरी सांगितलेलं नाही. इथे सांगते, कारण इथून ते उठून जाऊ शकत नाहीत.

मी नवा गोफ विणला आणि नेहमीसारखा बगळा गळ्यात घातला. पहिल्या वेळचा त्याचा वास मला आठवत होता, तिखट, औषधाच्या कपाटासारखा. आता तो तसा नव्हता. दुपारी भांडी आवरून खिडकीशी टेकले आणि एक मऊ, उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा वास येऊ लागला. माझा डोळा लागला की नाही, मला सांगता येणार नाही. अंगठा आपोआप त्या खळग्यात गेला होता. यांनी न कोरलेल्या खळग्यात. तो माझ्या अंगठ्याच्या मापाचा नव्हता, जरा लहान होता. मला वाटलं, मी कुणाच्या तरी घरात उभी आहे. दाराशी लहान मुलांच्या चपला आहेत. आत कुणी तरी हलक्या आवाजात पाढे म्हणतंय. आणि खिडकीबाहेर अंगण नाही, पाणी आहे. पाण्यात बगळा उभा. त्याची पिसं एकेक करून गळत होती आणि पाण्यावर तरंगत दूर जात होती. बगळ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. कुणी हाक मारली की आपण बघतो ना, तसा तो मान वळवून घराकडे बघत होता. मी जागी झाले तेव्हाही माझा अंगठा फिरतच होता.

चार दिवसांनी त्या बाईंची मुलगी लोलक न्यायला स्वतःच आली. दवाखान्यात परिचारिका आहे. म्हणाली, "काकू, आई गेली यंदा. टपालाने मागवायचा धीर झाला नाही, म्हणून आले." मी गोफ तिच्या हातात दिला. तिने तो गालाला लावला आणि म्हणाली, "आला गं बाई, आमचा ढग आला."

मी म्हटलं, "ढग?"

"हो ना. आईचा ढग. पेपर तपासताना ती ढग चोळत बसायची. आम्हाला ताप आला की हातात द्यायची, म्हणायची, ढग धरा आणि झोपा."

"अगं पोरी, हा बगळा आहे."

"बगळा? कुठून?" तिने उलटासुलटा करून पाहिला. मी तिला मान दाखवली, पंख कुठे होता ते दाखवलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आईला माहीत होतं का हो काकू?"

"तिने नेला तेव्हा पिसं मोजता येत होती."

"म्हणजे माहीत होतं. आणि आम्हाला कधी बोलली नाही. ढग म्हणू दिलं."

हे सगळं आतल्या खोलीत यांच्या कानावर जात होतं. ती गेल्यावर मी आत गेले.

"ऐकलंत ना?"

"डोळे गेलेत म्हणून कळवणार आहे मंडळाला. कान आहेत अजून."

"त्या बाई रोज गळ्यात घालायच्या."

"म्हणूनच पिसं गेली."

"मग काय कपाटात ठेवायचा होता?"

 मग म्हणाले, "तेच कळेनासं झालंय मला. ठेवला तर मुका, घातला तर पुसला. मग कोरायचं कशाला?"

सभ्य स्त्री-पुरुषहो, तेव्हापासून हा प्रश्न मी मनात घोळवतेय. मला एवढंच वाटतं, की पिसं कोरली नसती तर त्या बाईंचा अंगठा तिथे गेलाच नसता. आधी त्या बाई पिसं चाचपत असतील, मग चाचपायची सवय लागली असेल, मग पिसं गेली आणि सवय राहिली. यांना वाटतं, आपलं काम पुसलं. मला वाटतं, ते दुसऱ्या कुणी तरी पुढे कोरत नेलं. आणि डॉक्टरसाहेब, तुमच्या बरण्याही हव्यात. त्या पोरीला बगळा मी दाखवला, पण मुळात काय कोरलं होतं हे पुढे कोण सांगणार? आम्ही दोघं काही जन्माला पुरणार नाही.

पण मी सांगून हे ऐकायचे नाहीत. बायको समजूत घालतेय, एवढंच म्हणतील. यांच्या पाटावर फडक्याखाली एक तुकडा अर्धा कोरून पडलाय. शीर कुठे वळली ते यांना दिसलंय, मला सांगत नाहीत. तो तसाच राहू नये म्हणून मी इथे उभी आहे. गेलेल्या सगळ्या लोलकांपैकी एकच परत आला, आणि त्या एकावरून हे आयुष्याचा निकाल लावून बसलेत.

अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली, तेव्हा आवरते. आपण एवढ्या प्रेमाने बोलावलंत, यांच्या कामाचा मान केलात, मला चार शब्द बोलू दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या कार्यक्रमात मी निरोपाचं बोललेच नाही. बोलण्यात कुणाचा अधिक-उणा उल्लेख झाला असेल, घरचं चारचौघांत आलं असेल, तर पदरात घ्यावं. आणि यांनी पुन्हा कोरणी धरली, तर आजचे हार फुकट गेले म्हणून तेवढी क्षमा आगाऊच मागून ठेवते.

एकच विनंती. ज्यांच्या ज्यांच्याकडे यांचा लोलक आहे, त्यांनी तो आज घरी गेल्यावर हातात घ्यावा. गळ्यात असतो की बरणीत, कोरीव काम किती उरलंय, वास कसा येतो, आणि तुमच्या घरातली माणसं त्याला आता काय म्हणतात, एवढं लिहून उलट टपाली कळवावं. बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नका, यांना लगेच कळतं. आणि पत्र यांच्याच नावाने पाठवा. माझ्या नावाने आलं, तर मीच मागवून घेतलं म्हणून हे वाचणार नाहीत.