ताकाच्या तांब्यातलं औषध

तुम्ही कोंबड्या खुशाल पाळा, पण त्यांचं औषध ताकाच्या तांब्यात कालवू नका. आमच्या काशीदच्या घरी काय झालं ते ऐका.

परसातल्या बाराही कोंबड्या जंतांनी रोडावल्या होत्या. गुरांच्या डॉक्टरांनी पांढरं औषध दिलं, पाण्यातून पाजायला सांगितलं. बायकोने ते तांब्यात कालवून ओट्यावर ठेवलं आणि ती खुराडं उघडायला गेली. तेवढ्यात तिचा भाऊ दिनेश भर उन्हात न्हावा शेव्याहून मोटारसायकलवर आला, तो थेट स्वयंपाकघरात शिरला.

"ताई, ताक कडू का लागतंय गं?"

तांब्या रिकामा!

"मेल्या, ते जंताचं औषध हाय!" बायको किंचाळली. दिनेश पोट धरून खालीच बसला. मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, एकट्यानेच सगळं औषध संपवलं हो!"

"वजन किती?"

"नव्वद किलो."

पलीकडून डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कोंबडीचं?"

"नाही हो, मेहुण्याचं!"

डॉक्टर खो खो हसले. म्हणाले, "एवढ्याशा औषधाने त्यांना काही होत नाही. तरी दवाखान्यात दाखवून या." आणि औषध दिल्यावर कोंबडीवाल्यांना नेहमी सांगतात तेही सवयीने सांगून मोकळे झाले.

फोन ठेवला तर दिनेश घामाघूम. "भावोजी, काय पथ्य सांगितलंय का मला?"

"तुला न्हाय, आम्हाला सांगितलंय," मी म्हटलं. "दहा दिवस तुझी अंडी खायची न्हायत."