ओठ हलवू नका

नाही, नाही, तुम्ही नका उठू, माझाच फोन आहे तो. खिडकीत ठेवलाय, थरथरतोय. बघते नुसता आणि ठेवते— छे, जाहिरात. फ्लॅट घ्या म्हणे. माफ करा हं ताई, एरवी कामावर नवरा फोन बंद ठेवतो आणि मी अगदी घरचा असेल तरच उचलते, नियमच आहे तो— पण आज प्रत्येक फोन बघावा लागणार मला. बसा तशाच. मान जरा उजेडाकडे. अशी, बस्स. आणि ओठ हलवू नका, मेकअपवाली बजावून गेलीये, ती येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही म्हणून. बोलायचं काम माझं. मी सगळ्याच नवऱ्यांशी बोलत असते— म्हणजे नवरी, नवरी! नवऱ्यांशी म्हटलं की लोक भलतंच समजतात. नवऱ्यांशी माझा नवरा बोलतो. समोरून कुणी बोलत राहिलं ना, की चेहरा सैल पडतो, हात कुठे ठेवू, काय करू, सगळं विसरायला होतं. आता बघा, तुमचा चेहरा अगदी छान सैल पडलाय. माझाच... दिसलं तुम्हाला? सारखी त्या फोनकडे बघतेय ना मी? काळजी नका करू, फोटो नाही बिघडत त्यानं. कॅमेऱ्यात सोय असते हल्ली. माणसाचं लक्ष हललं तरी चालतं त्याला.

काही नाही हो, घरचंच. तुमच्या लग्नाच्या दिवशी माझ्या घरचं रडगाणं कशाला— बरं, सांगते, नाहीतर त्या भुवया अशाच वर राहतील आणि अल्बमभर तशाच येतील. माझी मुलगी. दुसरीत आहे. भिंगरी म्हणतो आम्ही, एका जागी ठरत नाही म्हणून. दुपारी शाळा सुटते, माझे सासरे तिला आणायला जातात, अण्णा. आजही गेले. शाळेच्या शिपायानं पाहिलंय, हात धरून निघाले दोघं. आणि घरी पोचले नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, त्याच जेवायला वाढतात दोघांना, त्यांचा फोन आला— अगं, ताटं झाकून बसलेय, अजून कुणाचा पत्ता नाही. आता शाळेपासून घर म्हणजे तुमचा हा अंबाडा घालून होईपर्यंत माणूस चालत पोचतो. अंबाडा झाला, गजरा झाला, दागिने झाले, मेकअप झाला— आणि ते दोघं अजून रस्त्यावर. अण्णांचा फोन? आहे ना, चांगला घेऊन दिलाय. काकूंनी लावला तर घरातच वाजला, टीव्हीच्या शेजारी.

हनुवटी थोडी खाली. हं. पापण्या मिटा. उघडा. सुंदर.

नवऱ्याला सांगितलं ना! खाली आहे तो, तुमच्या नवरदेवाकडे. जिन्यात गाठलं त्याला. तर म्हणतो, येतील गं, दोघं कुठे जाणार? येतील! अरे, बस आहे का ती, उशिरा येईल म्हणायला? पण मग काय करायचं, निघायचं तर कोणी? मी गेले तर तुमचं काय— हा उजेड आत्ता आहे, थोड्या वेळानं समोरच्या इमारतीमागे जाईल, तो काय परत बोलावता येतो? आणि तो गेला तर नवरदेवाचं काय? सगळा अल्बम नवरीचा, आणि लग्न कुणाशी लागलं ते कुणाला माहीतच नाही! दोन माणसांचं दुकान आहे आमचं. तिसरं माणूस नाही. म्हणजे आहे, तिसरे अण्णाच. ते नसते तर हे दुकान कधीच बंद पडलं असतं. खोटं नाही सांगत.

शिंपी होते ते. आमच्या स्टुडिओत मागे जे पडदे लागतात ना, निळा, राखाडी, तो पांढरा बाळांचा— सगळे त्यांनी शिवलेले. भिंगरी झाली तेव्हा तिचा पाळणा त्या निळ्या पडद्यामागे होता. पुढे गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसलेलं, आणि मागून ट्यांहां! लोक दचकून वळायचे, मग पुन्हा मान सरळ करा, पुन्हा श्वास रोखा. एक दिवस अण्णांनी मशीन बंद केलं, कापड गुंडाळून ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही तुमचं बघा, पोरीचं मी बघतो. तेवढंच. त्या दिवसापासून तिला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळा— वेणी तर अशी घालतात, शिंप्याचा हात तो, एक केस सुटेल तर शपथ. आम्ही दोघं लोकांच्या लग्नात. लोकांच्या बारशात. भिंगरीचा वाढदिवस आम्ही ज्या दिवशी बुकिंग नसेल त्या दिवशी करतो, तिला वाटतं वाढदिवस असेच असतात, दरवर्षी वेगळ्या तारखेला. गॅदरिंगमध्ये फुलपाखरू झाली होती, आम्ही नव्हतो. अण्णा होते. पंखही त्यांनीच शिवले.

तर असा माणूस. तो पोरीला घेऊन जाईल कुठे? बागेत? बाग बघून आल्या काकू. आईस्क्रीमवाला? बघितला. नाही, अपघात-बिपघात नका आणू मनात— तुम्ही कुठे बोललात, मीच बोलतेय. मीच. बांगड्या जरा मागे सारा. हात मांडीवर. नाही, मुठी कशाला वळताय? बोटं सैल सोडा.

खरं सांगू का? सांगते. तुम्ही काही आमच्या ओळखीच्या नाही, उद्यापासून तुमचा संसार वेगळीकडे. मागच्या आठवड्यात मी स्टुडिओत एकटी होते. नवरा बाहेर गेलेला. दारात अण्णा आले. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा सदरा, आणि एकदम अदबीनं म्हणाले, नमस्कार बाई, मालक आहेत का? फोटो काढायचा होता. मला वाटलं गंमत करतायत. मी पण म्हटलं, मालक नाहीत, मालकीण आहे, चालेल का? चालेल म्हणाले. बसले स्टुलावर. त्यांनीच शिवलेल्या पडद्यापुढे. मी कॅमेऱ्यातून बघितलं— आणि ताई, तुम्हाला म्हणून सांगते, माणूस डोळ्यांनी बघताना फसतो, लेन्समधून नाही फसत. समोर माझे सासरे नव्हते. कुणी परका गृहस्थ होता, जरा घाबरलेला, फोटो नीट यावा म्हणून श्वास रोखून बसलेला. काढला मी फोटो. काय करणार? काढला. तर म्हणतात, केव्हा मिळेल? म्हटलं, उद्या. बरं म्हणाले. उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथेच वळून म्हणाले, अगं, चहा टाकतेस का? झालं. परत आमचे अण्णा. जसं काही झालंच नाही.

तो फोटो आहे माझ्याकडे. दाखवला नाही कुणाला. नवऱ्याला पण नाही. का? अहो, का काय! दाखवला की बोलणं आलं. बोलणं झालं की अण्णांना एकटं सोडायचं नाही असं ठरणार, पोरीला तर त्यांच्याबरोबर नाहीच नाही. मग घरी कोण थांबणार? त्याला कुणी म्हणेल, बाबा रे, तू कॅमेरा ठेव आणि घरी बस? आणि तो काही वाईट नाही हो, तो मला बस म्हणणारही नाही. म्हणावंच लागणार नाही ना त्याला! असं काही आलं की आपोआप माझंच नाव निघतं, न घेता निघतं. आणि मी हे काम... रिटचिंग करायला बसवलं होतं मला सुरुवातीला, मागच्या खोलीत, लोकांचे मुरूम पुसायला. तिथून इथपर्यंत आले मी. आता लोक विचारतात, नवरीचे फोटो बाईच काढणार ना? म्हटलं, हा एवढा हंगाम जाऊ दे. एवढी लग्नं उरकू दे, मग बोलू. असं मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या पाठीवर दप्तर अडकवलं आणि त्यांच्याच हातात...

थांबा. फोन. अनोळखी नंबर आहे— हॅलो? हॅलो, कोण? ... भिंगरी! अगं कुठे आहेस तू? ... कुठल्या औषधाच्या दुकानात? ... मोठ्या पुलाजवळच्या? तिथे कशा गेलात तुम्ही? ... आणि आजोबा? ... बसलेत ना? बरे आहेत ना? ... पाणी दे त्यांना. दिलंस? शहाणी ती. ... नाही, नाही रागवत. कोण म्हणतं रागावलेय? ... नेहमीचा रस्ता खोदलाय, मग? ... थांब, थांब. काय म्हणालीस? रोज तू आणतेस? कुणाला आणतेस? ... कधीपासून? ... हा नंबर तुला कुणी पाठ करायला लावला? ... बाबांनी. ... काय म्हणाले बाबा? परत सांग. ... बरं. ... बरं, राणी. तिथेच बस हं, आजोबांचा हात सोडू नकोस, दुकानवाल्या काकांकडे दे फोन. ... हॅलो, नमस्कार, मी आई तिची. उपकार झाले हो तुमचे. आमच्या शेजारच्या काकू येतायत न्यायला, तोवर दोघांना हलू देऊ नका, तिलाही नाही आणि त्यांनाही नाही. ... हो. तेच. तुमच्या लक्षात आलंच असेल.

काकूंना कळवते आधी... हॅलो, काकू, सापडले, सापडले. मोठ्या पुलाजवळचं औषधाचं दुकान. तुम्ही निघा, मी नंतर सांगते सगळं. हो, दोघंही.

सापडले.

नाही, बसत नाही मी. बसले तर उठायची नाही. तुम्ही रडू नका हो, सगळा मेकअप वाहील, ती बाई मला खाईल! काय सांगत होते... भिंगरी म्हणते, रोजच मी आणते की आजोबांना. त्यांना वळण आठवत नाही, मी हात ओढला की कळतं त्यांना. आज रस्ता खोदलेला, तर आजोबा म्हणाले, मला माहितीय दुसरा रस्ता. आणि ही गेली त्यांच्याबरोबर. म्हणते, त्यांना वाईट वाटलं असतं ना, आई. आणि बाबांनी सांगून ठेवलंय तिला, आजोबा चुकले तर भरपूर दिवे लावलेल्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरायचं आणि आईचा नंबर सांगायचा, आईचा, कारण बाबा काम करताना फोन उचलत नाहीत. आणि आईला यातलं काही बोलायचं नाही. का? तर आई काम सोडून देईल.

ऐकलंत? आई काम सोडून देईल! म्हणजे त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. तो माझ्यासाठी गप्प, आणि मी... मी कुणासाठी गप्प होते ते आत्ताच सांगून बसलेय तुम्हाला. आम्ही दोघं शहाणे एकमेकांपासून लपवत फिरतोय, आणि एवढीशी पोर, अजून बुटाची नाडी सुटली की रडते, ती भर रहदारीतून एका म्हाताऱ्या माणसाला हात धरून रोज घरी आणतेय. आणि घरी येऊन गप्प बसतेय. आम्हाला सांभाळून घेतेय हो ती! मला राग कुणाचा आलाय तेच कळत नाहीये. त्याचा आलाय. त्यानं माझ्यासाठी केलं म्हणून तर जास्तच आलाय— सरळ स्वार्थानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं धड.

जिन्यात पावलं वाजली ना? त्याचीच आहेत. गळ्यात दोन कॅमेरे असले की तो असाच चढतो. ... ये. सापडले, हो, मला कळलं. तुला कुणी सांगितलं, काकूंनी? म्हणजे आज तूही फोन चालू ठेवलास. ... नाही, नंतर नाही. नंतर म्हणजे हंगाम संपल्यावर ना? ते मी पण म्हणून झालंय. ... नवरदेव थांबेल. त्याला काय, घोड्यावर आहे का तो? ... तोंड वर कर. बघ माझ्याकडे. मी पण तेच केलंय. तू जे केलंस ना, तेच. एक फोटो आहे माझ्याकडे, तो बघ आधी, मग बोल.

ताई, उठता जरा? हो, हो, तुमचीच खोली आहे, लग्नही तुमचंच आहे, कळतंय मला— पण पाच मिनिटं बाहेर थांबा. ओठ सुकलेत, बोला आता हवं तेवढं. आणि जाताना दार लावून घ्या.