उल्हासकाकांच्या दुकानाची पाटी

नाही हो काका, आमचं आन्सरिंग मशीनच बिघडलंय, म्हणून मिळाला नसेल श्रीरंगला तुमचा मेसेज — बसा ना, कोट राहू दे अंगात, बेसमेंटमध्ये हीटिंग नीट येत नाही — हो, हेच त्याचं ऑफिस! वॉशिंग मशीनच्या शेजारी. इन्शुरन्स कंपनीत चांगली डिझायनरची नोकरी, स्वतःची केबिन, आणि मार्चमध्ये एक दिवस घरी येऊन म्हणतो, भावना, मी रिझाइन केलं, आता फ्रीलान्स करणार. फ्रीलान्स म्हणजे काय, सांगू? मी बर्फातून ड्राइव्ह करून दमून यायचं आणि ह्यानं इथे खाली गुणगुणत बसायचं. नोकरीत होता तेव्हा नाही हो कधी गुणगुणला. लग्न झाल्यापासून नाही. मंडळात बायका विचारतात, श्रीरंग 'सध्या' काय करतो गं — सध्या! — आणि मी आपली पुलाव ढवळत राहते.

काय म्हणालात, दोनदा मेसेज ठेवलात? दोनदा कुठे, तीनदा. तिसऱ्या वेळी मध्येच खोकला आला तुम्हाला, मग म्हणालात, अरे बाबा, दुकानाचं ओपनिंग जवळ आलंय — हं. असू दे. ऐकलेत मी. पुसले पण मीच. सकाळी हा कामं शोधत दारोदार हिंडतो ना, तेव्हाच येतात फोन, मी लंच ब्रेकमध्ये ऑफिसातून इथे फोन लावते, कोड दाबते, की मशीनवरचे मेसेज ऐकताही येतात नि पुसताही — तुमचेच नाहीत काही, त्या डेंटिस्टचे, योगा शिकवते त्या बाईचे, त्यांनाही पाट्या हव्यात. असं बघू नका काका. घरातल्या सगळ्यांचा मेडिकल इन्शुरन्स कोणाच्या नोकरीवर आहे? माझ्या. आन्याच्या दातांचे ब्रेसेस कोणाच्या? आणि ती वर्गात सांगून आली, माय डॅड ड्रॉज लेटर्स. अभिमानानं! माझ्याबद्दल नाही काही सांगितलं.

तेच, टेबलावर आहे ते. तुमचीच पाटी. 'सुलभा ग्रोसरी.' ह्या कंप्युटरवरची देवनागरी त्याला पसंत पडेना, म्हणून अक्षरं हातानं काढलीत. किती कागद फाडले! म्हणे, काकूंच्या नावाचं काम आहे, घाई नाही करायची. तो 'सु' बघा, काकू पदर डोक्यावर घ्यायच्या ना, तसा — तुम्हाला पण तसंच वाटलं? पुसा, पुसा डोळे. टिश्यू घ्या. चांगला आहे हो तो. मला काय कळत नाही? चांगला आहे म्हणूनच तर भीती वाटते. वाईट असता तर केव्हाच परत गेला असता.

आता नीट ऐका. त्याच्या जुन्या बॉसनं परत बोलावलंय. श्रीरंग म्हणाला, काकांची पाटी लागली की लोक विचारत येतील, पण काकांनाच नाही आवडली तर सोमवारी गुपचूप जॉइन होतो. त्याच्या तोंडचे शब्द आहेत हे. म्हणजे तुम्ही फक्त 'नाही आवडली' म्हणायचं. एवढंच.

खोटं? तुम्ही पण नोकरी सोडूनच दुकान काढताय ना काका, मग गिऱ्हाईक म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. श्रूजबरीतल्या सगळ्या मराठी घरांचं गणपतीचं जेवण, दिवाळीचं जेवण — सामान कुठून आणायचं ते कोण ठरवतं? मी ठरवते. तो वूस्टरचा ग्रोसरीवाला पटेल रोज फोन करतो मला, आणि त्याचे मेसेज मी पुसत नाही. तुम्ही समजूतदार आहात. काकूंच्या नावाचं दुकान चालायला हवं की नको?

गॅरेजचं दार वाजलं. आला. टिश्यू खिशात घाला — आणि तो कागद ठेवा खाली, नेता कुठे?

ये रे! काका कधीचे बसलेत तुझ्यासाठी. बूट काढ आधी, बर्फ आणू नकोस आत. अरे, त्यांना तुझी पाटी — सांगा ना, काका.

सांगा.

राहू दे, श्रीरंग, जबरदस्ती नको करूस त्यांना. संकोच वाटतोय, दिसतंय ना तुला? काकूंचं नाव आहे शेवटी, नसेल उतरलं मनासारखं. होतं असं — या काका तुम्ही. जपून जा हं, ड्राइव्हवे निसरडा झालाय.