गाळलेला आलेख

(फिनलंडमधल्या तुर्कू शहरातली एक औषध-प्रयोगशाळा, ऑगस्टची सकाळ. ऐला संगणकावर गोळीचं गणित मांडते. तिचा वरिष्ठ राउनो ती गोळी घडवतो.)

राउनो : परत तोच आलेख उघडून बसलीस? मिटव तो. दोन वाजता चौकशीवाले येतायत.

ऐला : मार्चमध्ये मिटवलाच होता. तुम्ही सांगितलंत म्हणून.

राउनो : अहवालात नको, एवढंच म्हटलं होतं मी. फरक आहे, बाई.

ऐला : ओइवाला काय फरक पडला? गेलाच ना तो.

राउनो : हे बघ, पाकिटावर ठळक छापलंय, मद्य घेऊ नये. चाचणीत नाव घालताना सही केलीय त्यानं. मग नदीतल्या क्रेफिशच्या जेवणाला बसून माणूस पेले रिचवायला लागला, तर त्याला मी काय करू?

ऐला : दोनच घेतले त्यानं. ऑगस्टात क्रेफिश खाताना दोन पेले न घेणारा माणूस दाखवा मला या गावात.

राउनो : अगं, पण पोटात मॉर्फिन असताना?

ऐला : बारा तासांत हळूहळू सुटायचं होतं ते. तुमचा पॉलिमरचा लेप पाण्यात टिकतो, औषध थोडं थोडं झिरपू देतो. मी गणितात पाण्याऐवजी दारू घातली, तर लेपच विरघळला. सगळं औषध चाळीस मिनिटांत बाहेर.

राउनो : पोटात नुसती दारू कधीच नसते, आकडा चुकला असेल. हे तूच म्हणाली होतीस.

ऐला : म्हणाले होते. बाकीची गणितं सरळ आली, हे एकच वाकडं. वाकडं आलं की गणित चुकलं म्हणायचं, सवयच लागलीय आपल्याला. खरी गोळी दारूत टाकून बघायला एक दुपार पुरली असती. ती मी काढली नाही.

राउनो : झालं ते झालं. आता बोंबलून तो परत येणार आहे का? चाचणी बंद झालीच आहे. माझी नोकरीची पाच वर्षं उरलीत, तुझं तर सगळं आयुष्य पडलंय. हे बाहेर पडलं तर कुणी दारात उभं करणार नाही तुला.

ऐला : काल हेल्वीचा फोन आला होता. ओइवाची बायको. चाचणीच्या कागदावर नंबर आहे आपला.

राउनो : शिव्या घातल्या असतील.

ऐला : नाही. रडलीही नाही. ओइवा नको म्हणत होता, हिनंच आग्रह केला. कित्येक महिन्यांनी पाठ दुखत नाहीये, घे की, म्हणून. दुसरा पेलाही हिनंच भरला. तो भरला नसता तर वाचला असता का, एवढंच विचारत होती.

राउनो : मग? काय सांगितलंस?

ऐला : चौकशी चालू आहे, म्हटलं.

राउनो : बरोबर सांगितलंस.

ऐला : लाज वाटते मला त्याची. रात्रभर तीच बाई डोळ्यांसमोर होती.

राउनो : फोन खाली ठेव, ऐला. निदान वकिलाला विचारू. दोन वाजेपर्यंत थांब.

ऐला : चौकशीवाल्यांना दोन वाजता आलेख देईन. हिला आत्ता सांगते... हॅलो, हेल्वी? मी ऐला, काल आपण बोललो. त्या गोळीचं गणित माझं. जरा बसून घ्या. पेला भरताना तुम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला मार्चपासून ठाऊक होतं.